एल्डरबीचं गायरान

जुन्या सरदाराच्या वेळी आम्ही आठवड्याचे तीन दिवस त्याच्या शेतात वेठीला जायचो. लेकीचं लग्न करायचं तरी त्याची परवानगी लागायची. तो माणूस चांगला होता असं मी कधीच म्हणणार नाही. पण ओढ्यापलीकडचं गायरान सगळ्या एल्डरबी गावाचं, हे त्यानंही कधी नाकारलं नाही. माझी थोरली बहीण मॉड नवऱ्यामागं तिथं चरणाऱ्या एका गाईवर जगली. दूध, चीज, हिवाळ्याचं जळण, सगळं तिथलंच.

सरदार गेल्यावर मुलानं जहागीर शहरातल्या लोकरीच्या व्यापाऱ्याला विकली. त्याच्या कारभाऱ्यानं, गिल्बर्टनं, चर्चच्या दारात सांगितलं की वेठ संपली, तुम्ही आता मोकळी माणसं. आमचे पुरुष आनंदानं पिऊन पडले. महिन्याभरात गायरानाला खंदक आणि काट्याचं कुंपण पडलं. आत चारशे मेंढ्या.

मॉड कारभाऱ्याकडं गेली, मी सोबत होते. तो जेवत होता. गायरान गावाचं असल्याचा कागद त्यानं मागितला. मॉड म्हणाली, आजीची गायसुद्धा तिथंच चरली. गाईची साक्ष चालत नाही, असं म्हणून तो हसला.

"मोकळं केलं म्हणालास ना रे?" मॉडनं विचारलं. "वेठीतून केलंस, का जमिनीवरून?"

"मजुरीला या. रोजचा पैसा रोज मिळेल."

"चारशे मेंढ्यांना माणसं किती लागतात तुला?"

एक मेंढपाळ पुरत होता, आणि तोही त्यानं बाहेरून आणला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॉडनं कोयता उचलला. आम्ही अकरा बायका निघालो. पुरुष म्हणाले, आधी कोर्टात जाऊ, आणि घरी बसले. दुपारपर्यंत आम्ही कुंपण तोडलं, खंदक बुजवला, गाई आत घातल्या.

तिसऱ्या दिवशी घोडेस्वार आले. मॉडचे पाय दोन दिवस चौकातल्या खोड्यात अडकवले, गाय ओढून नेली. मी मॉडला पाणी पाजत होते आणि गाव खिडक्या लावून बसलं होतं. त्या खिडक्यांचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. सुगीनंतर व्यापाऱ्यानं सगळ्यांनाच गावातून हुसकलं आणि त्याच घरांची छपरं उतरवून वासे विकले.

मॉड आता शहरात एका अंधाऱ्या खोलीत त्याच व्यापाऱ्याची लोकर कातते. बोटं सोलवटली आहेत. आता माणूस स्वतःच्या मर्जीनं कामाला जातो, असं बाजारात लोक कौतुकानं बोलतात. तसं बोलणाऱ्या एकाला तरी धरून मला तिच्यासमोर उभं करायचं आहे.