मटाराचे मांस चावणारा जबडा

मी एक जुना पोलादी जबडा आहे. मित्रांनो, मला पोट नाही आणि जीभही नाही, त्यामुळे चव म्हणजे काय ते मला ठाऊक नाही. सर्बियातल्या नोवी साद शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी टेबलावर बसत असे, दिलेली वस्तू चावत असे आणि किती जोर लागला ते माझा काटा दाखवत असे.

सुरुवातीची वर्षे बिस्किटे, सफरचंदे आणि सॉसेज चावण्यात गेली. लोक कौतुकाने बघायला येत. एकदा शाळेच्या मुलांनी मला पेन्सिलही चावायला दिली होती.

मग ल्युबिंका आली. मटाराच्या पिठापासून मांसासारखा पदार्थ बनवणे हे तिचे काम. तिचे वडील राडोयको आयुष्यभर खाटीक होते. हृदयाच्या दुखण्यानंतर डॉक्टरांनी त्यांचे मांस बंद केले आणि त्यांची जेवणावरची वासनाच उडाली. चार चमचे सूप घेऊन ते ताट सरकवत. अंगातला कोट खुंटीला टांगल्यासारखा दिसू लागला.

ल्युबिंकाने मला आधी वासराचे मांस दिले, मग मटाराचा तुकडा. काटा दोन्ही वेळा एकाच जागी थांबला. ती हरखली आणि वडिलांनाच घेऊन आली. त्यांनी बराच वेळ चावले आणि घास हळूच रुमालात काढला.

"काय झालं, बाबा?"

"काही नाही. बुटाचा सोल छान शिजवलायस."

"यंत्र म्हणतंय, अगदी मांसाइतकंच मऊ आहे."

"मग यंत्रालाच वाढ की."

ते गेल्यावर तिने माझा काटा पुन्हा तपासला. मलाही कोडे पडले होते. जोर सारखाच, मग वेगळे काय? तिने पुन्हा मांस ठेवले. आधी आडवे, मग तोच तुकडा फिरवून उभा. आडवे चावताना काटा वर चढला; उभे चावताना मांस धाग्याधाग्याने सहज सुटले. मटाराचा तुकडा मात्र कसाही फिरवला तरी सारखाच तुटत होता.

"याला धागेच नाहीत," ती पुटपुटली.

मग तिने मटाराच्या पिठाचा गरम लगदा एका लांब, थंड नळीतून ढकलायला सुरुवात केली. कडेचा लगदा आधी घट्ट होतो, मधला पुढे सरकत राहतो, आणि त्या ओढाताणीत धागे पडतात, असा तिचा अंदाज होता. कितीतरी दिवस नुसते गोळेच निघाले. कधी नळी तुंबायची, कधी सगळा भुगा व्हायचा. अखेर एका सकाळी तिने तुकडा बोटांनी उकलला, तर त्यातून लांब धागे सुटले. मी तो दोन्ही बाजूंनी चावला. काटा दोन वेगळ्या जागी थांबला.

तिने तिथल्याच शेगडीवर कांदा आणि पाप्रिका ही लाल मिरचीची पूड घालून रस्सा केला आणि वडिलांना बोलावले. त्यांनी एक धागा ओढून उजेडात धरला, दुसरा ओढला आणि मग खाऊ लागले.

"हे मांस नाही, पोरी."

"नाहीच, बाबा."

"आणि मीठ कमी आहे." त्यांनी रिकामी बशी पुढे केली. "अजून आहे का?"

ल्युबिंकाने शेगडीवरचे भांडेच उचलून त्यांच्यापुढे ठेवले.

आता पडद्यावर आकडे दाखवणारे नवे यंत्र आले आहे. मी खिडकीशी कापडाखाली असतो. मित्रांनो, जुन्या वस्तूवर कापड टाकले म्हणजे तिची काळजी घेतली, असे होत नाही. माझे दात पुसा, स्क्रूला थेंबभर तेल द्या आणि अधूनमधून काहीतरी चावायला आणा. अळंबी मी अजून एकदाही चावलेली नाही.