द्वारकाबाईंच्या पदराला लावलेला माइक

मित्रांनो, मी एक जुना कॉलर माइक आहे. करंगळीच्या नखाएवढा, काळा. पुण्यातल्या एका चित्रपट शिक्षण संस्थेच्या सामानखोलीत माझा डबा असतो. माझी वायर एका ठिकाणी चिकटपट्टीने गुंडाळलेली आहे. नवा होतो तेव्हा मला मिळवण्यासाठी विद्यार्थी भांडत. मला माणसाचा आवंढासुद्धा ऐकू येतो, याचं त्यांना भारी कौतुक.

गेल्या वर्षी मला उत्कर्षा घेऊन गेली. यवतमाळहून आलेली ही मुलगी माहितीपट करायला शिकत होती. तिची आधीची फिल्म बघून तिच्या शिक्षिका निकिता मॅडम म्हणाल्या होत्या, "घर छान बांधलंयस. आत कोणी राहत नाही." आता शेवटचा प्रकल्प उरला होता.

तिने पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या द्वारकाबाईंवर फिल्म करायचं ठरवलं. त्यांच्या उसाच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. उत्कर्षा तीन महिने जात राहिली, त्यांच्याबरोबर शेंगा फोडत बसली. मला पदराला लावलं की बाई हसायच्या, "ह्यो किडा चावत न्हाई न्हवं?"

एका दुपारी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. उत्कर्षा दुसरी आणायला बाहेर गेली आणि मला बंद करायचं विसरली; माझ्या वायरीला जोडलेला छोटा रेकॉर्डर चालूच राहिला. द्वारकाबाई आपल्या जावेला, शालूबाईंना, हळूच म्हणाल्या, "मला कुठं इकायची व्हती जमीन? रणजितनं दवाखान्याचा कागद म्हणून अंगठा घेतला. पोटचा लेक हाय, कुणाला सांगू?"

मी शब्द न् शब्द टिपला. तेच माझं काम.

हेडफोन लावून ते ऐकताना उत्कर्षा रडली. पण दुसऱ्याच दिवशी तिने ते बोलणं फिल्मच्या शेवटी जोडलं.

"बाईंना विचारलंस?" मॅडमनी विचारलं.

"हो," उत्कर्षा म्हणाली. तिने विचारलं नव्हतं. बाई नको म्हणतील, हे तिला ठाऊक होतं.

फिल्म बघायला द्वारकाबाई ठेवणीतलं इरकल नेसून आल्या. बरोबर रणजित आणि सून. नंतरच्या चर्चेसाठी मला उत्कर्षाच्या कुर्त्याला लावलं होतं. तिच्या छातीची धडधड मला ऐकू येत होती. मग द्वारकाबाईंचं ते हळूच केलेलं बोलणं सभागृहात घुमलं. एक खुर्ची करकरली. रणजित उठून निघून गेला. मागच्या रांगेत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

उत्कर्षा बाईंच्या मागे बाहेर धावली. "आजी, चुकलं माझं. मी काढून टाकते ते."

"काढ, न्हाई तर ऱ्हाऊ दे," द्वारकाबाई म्हणाल्या. "तू तुज्या हास्टेलात जाशील, पोरी. मला त्याच घरात जायाचं हाय."

उत्कर्षाने मॅडमना खरं सांगितलं आणि फिल्म मागे घेतली. तिचं वर्ष वाया गेलं. त्यानंतर ती चारदा मांजरीला गेली. दर वेळी सून "झोपल्यात त्या" म्हणून दार लावून घ्यायची. शेवटी शालूबाई रस्त्यात भेटल्या. "ती आता माज्याशी बी बोलत न्हाई," त्या म्हणाल्या. "तू येऊ नगंस."

मित्रांनो, माझी वायर तुटली तर दुरुस्त होईल, तोंडावरचा स्पंज नवा मिळेल. पण मला आपणहून बंद होता येत नाही. ते बटण तुमच्या बोटाखाली असतं. कुणी विश्वासाने तुमच्यापुढे मन मोकळं केलं, तर ते आधी त्यालाच ऐकवा. त्याने होकाराची मान हलवली, तरच जगाला.