सोडणार नाही

काष्टीच्या बाजारात भिमाजी विरोधी पक्षाचं फडकं बांधायला लागला की लोक म्हणायचे, “चला, जीप आली.” हे त्याच्या फार जिव्हारी लागायचं. मागच्या खेपेला त्याच्या शब्दावर गावानं विरोधी पक्षाला मतं दिली, आणि निवडून आलेला गडी अंगावरचा गुलाल धुवायच्या आत सरकारी पक्षाच्या जीपमध्ये जाऊन बसला. पक्षाचं काय जातंय, त्याला दुसरा उमेदवार मिळतो. भिमाजीला मात्र त्याच गावात तोंड दाखवायचं होतं.

पंचायत समितीची निवडणूक लागली. पक्षानं या वेळी मार्तंडराव वकिलांना उभं केलं. भिमाजी त्यांना घेऊन थेट कडूबाईच्या ओट्यावर गेला, कारण अख्ख्या आळीची मतं म्हातारीच्या पदराला बांधलेली.

“आदी बेलभंडार उचला,” कडूबाई म्हणाली. “मग मताचं बोला.”

वकील जरा खाकरले. पण खंडोबाच्या देवळात गेले, हातात बेल-भंडारा घेतला आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, “मी पक्ष सोडणार नाही.” भिमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. भोळा बिचारा!

वकील निवडून आले. पुढं पावसानं डोळे वटारले, पाझर तलावाचं काम निघालं, आणि कामावर कुणाला घ्यायचं ते सरकारी पक्षाची माणसं ठरवू लागली. तेव्हा तालुक्यातला सगळा विरोधी पक्षच, अध्यक्षापासून सतरंजीपर्यंत, सरकारी पक्षात विलीन झाला.

भिमाजी धावत वकिलांकडे गेला. “साहेब, आन बेलभंडाराचं काय?”

“अहो, शपथ मोडली कुठं?” वकील शांतपणे म्हणाले. “पक्ष सोडणार नाही म्हटलं होतं. पक्ष तिकडं गेला, मी त्याच्याबरोबर गेलो. मागं राहिलो असतो तर मोडली असती. तलावाच्या कामावर तुमची मुकादमकी पक्की केलीय. उद्या जीप पाठवतो.”

वकिलाला देवापुढं नेऊ नये. तिथंही त्याला पळवाट सापडते.

दुसऱ्या दिवशी जीप दारात आली, आणि तिच्या पाठोपाठ पदरात बेल-भंडारा घेऊन कडूबाई.

“भिमा, त्या शपथंत पक्ष हुता, आमी कुटंच नव्हतो,” ती म्हणाली. “आता तू उचल. म्हन, मी तुमाला सोडनार न्हाई.”

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. घरात ज्वारीची कणगी तळाला गेलेली, आणि समोर मुकादमकी. भिमाजीनं जीपकडं पाहिलं, म्हातारीकडं पाहिलं आणि भंडारा उचलला. जीपला ऐकू जाईल असं तो मोठ्यानं म्हणाला, “मी तुमाला सोडनार न्हाई.”

जीप रिकामीच धूळ उडवत निघून गेली. भिमाजीला किती दिवसांनी हलकं वाटलं. गेलेला शब्द परत आला होता.

“मग आत्या, पुढच्या खेपंला आळीची मतं आपल्याला?”

“मत वकिलाला,” कडूबाई पदर झाडत म्हणाली. “तलावाचं काम त्याच्या हातात हाय. पोरं काय उपाशी निजवू?”

भिमाजीनं जीप गेली त्या वाटेकडं पाहिलं.

“आसं तोंड करू नगंस,” ती मायेनं म्हणाली. “तुज्यावर लई इस्वास हाय, म्हनून तर तुला खरं सांगितलं.”