सत्तावन्न खडे

"आरं, हे खाली का गेलं?"

आकाराम तोलाईदार आपल्याच तराजूवर खेकसला. कोल्हापूरच्या गूळ पेठेत त्या सकाळी किलोचं नवंकोरं वजन आलं होतं. एका पारड्यात ते, दुसऱ्यात रत्तलाची, म्हणजे पौंडाची, दोन. किलोचं पारडं धपकन बसलं. त्यानं पारडी बदलून पाहिली. पुन्हा तेच!

वीस वर्षांत त्याच्या तोलावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. म्हणूनच तर पंधरवड्यापूर्वी पैलवान भाचा जोतीराम त्याच्याकडं आला होता.

"मामा, गादीवरच्या कुस्तीची निवड हाय. सत्तावन्न किलोच्या आत बसायचं. रत्तलात किती वो?"

"किलो म्हंजे दोन रत्तल! एकशे चौदा धर डोळं झाकून," मिशीवर हात फिरवत मामानं ठोकून दिलं होतं.

जोतीराम तेव्हा एकशे अठ्ठावीस रत्तल होता. त्यानं दूध-भाकरी सोडली. अंगाला पोतं गुंडाळून रंकाळ्याभोवती धावू लागला. काल एकशे सोळावर आला आणि घेरी येऊन पडला. "दादा, पोरगं मरंल की रं!" म्हणून त्याची आई तानाबाई रडली होती. आणि आज चार वाजता वजनं व्हायची होती.

आकारामनं गुळाच्या ढेपेचा खडा फोडून रत्तलांच्या पारड्यात टाकला. काटा सरळ! मग नुसता खडा तोलला. रत्तलाचा पाचवा हिस्सा. असे सत्तावन्न खडे... त्यानं बोटांवर हिशेब धरला आणि किंचाळलाच.

"अकरा रत्तलाची चूक! आरं देवा, फुकट झिजवलं की पोराला!"

खडा मुठीत धरून, धोतर सावरत तो पळत सुटला. बिंदू चौकात टांगेवाल्यानं शिवी हासडली. आकारामला ती ऐकूसुद्धा आली नाही.

वजन उतरावं म्हणून जोतीराम तालमीच्या पायरीवर थुंकत बसला होता. पाणीसुद्धा प्यायचं नव्हतं. भोवती सगळी तालीम गोळा झालेली.

"खा लेका, खा! एकशे पंचवीस चालतंय तुला!" आकारामनं धापा टाकत खडा पुढं केला.

"आकाराम, मग एकशे चौदा कुणी सांगितलं?" वस्तादांनी विचारलं.

"म्या," आकाराम सगळ्यांदेखत म्हणाला. "माप माझं चुकलं."

जोतीरामनं पायरीवरनं उठून खडा घेतला. मग हसला, खडा फोडून अर्धा मामापुढं धरला. "घ्या. आई सांगत हुती, तुमीबी कालपास्नं जेवला न्हाईसा."

आकारामनं तो तुकडा पुन्हा त्याच्याच हातावर ठेवला.

चारला काटा त्रेपन्न किलोवर थांबला. पहिली कुस्ती जोतीरामनं मारली तेव्हा मामानं पटका आभाळात उडवला. दुसरीत पोराचे पाय लटपटले आणि निवड हुकली. मामाला मात्र तो एका शब्दानं बोलला नाही.

पुढं पेठेत किलो रुळला. आकाराम रोज सकाळी त्या वजनाशेजारी गुळाचा एक खडा ठेवायचा. एकदा नव्या हमालानं तो उचलला.

"ठेव खाली," आकाराम म्हणाला. "त्यो जोतीचा हाय."