गंगावतरणाची गळती

अनुराधाने पितळी व्हॉल्व्ह टेबलावर उलटा करून पाहिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"पेटंटच्या अर्जाआधी हा कुणाला दाखवलात?"

"छे! बाहेर कुणालाच नाही," गुरुदत्त म्हणाला.

"फक्त दोन वर्षांपूर्वी, मंडळाच्या गणपतीत," त्याची बायको श्यामला कौतुकाने म्हणाली. "देखाव्यातली गंगा याच व्हॉल्व्हने उतरत होती ना! लोकांनी विचारलं, तर यांनी झाकण उघडून सगळं समजावून सांगितलं."

"आपलीच माणसं गं ती."

अनुराधाला फार वाईट वाटलं. पुण्याची इंजिनिअर ती. वेलिंग्टनला येऊन पुन्हा परीक्षांना बसली, पेटंट अ‍ॅटर्नी झाली आणि अशी किती तरी भोळी माणसं तिला परत पाठवावी लागली. गणपती बसवलेल्या जॉन्सनव्हिलच्या हॉलमध्ये चारचौघांना उघडून दाखवलेली वस्तू वर्ष उलटल्यावर कायद्याच्या लेखी नवी राहत नाही, हे तिने शक्य तितक्या हळू आवाजात सांगितलं. गुरुदत्तचा चेहरा पडला. या व्हॉल्व्हपायी त्याने चांगली नोकरी सोडली होती, आणि पाण्याच्या टाक्या बनवणारी कंपनी पेटंटशिवाय त्याला दारात उभं करणार नव्हती.

"ताई, अर्जात नाहीच लिहिलं तर? कोण सांगायला जाणार आहे?"

"मी होते तिथे, गुरुदत्त. आरतीचं तबक माझ्याच हातात होतं."

त्या गंगेमागे हाच व्हॉल्व्ह होता, हे तिलाही आत्ताच कळत होतं. मग तिला आणखी काही आठवलं.

"तेव्हा हा गळत होता ना?"

"छे छे, एकदम स्मूद चालला."

"माझ्या साडीचे काठ भिजले होते."

श्यामलाला हसू आवरेना. "स्मूद कसला! सगळे मोदकांवर ताव मारत होते आणि मी मूर्तीमागे बसून टॉवेलवर टॉवेल पिळत होते."

"श्यामला!" गुरुदत्त कानापर्यंत लाल झाला.

"मग गळती थांबली कशाने?" अनुराधाने विचारलं.

"नंतर आत एक तिरकी रिंग बसवली," तो पुटपुटला. "खूप डोकं खाल्लं तिने."

"ती कुणी पाहिली?"

"कोण पाहणार? एवढी शोभा झाल्यावर मी पुन्हा कुणाला काही दाखवलंच नाही."

अनुराधाने कोरा कागद पुढे ओढला.

"मग या रिंगसाठी अर्ज करू. आता लाजू नका. पाणी नेमकं कुठून गळत होतं, तिथून सुरुवात करा."

गुरुदत्त घुटमळला. श्यामलाने खुर्ची टेबलाजवळ सरकवली.

"ते मला विचारा," ती म्हणाली.