सगुणेचा धूर

आई एकविरेची आण घेऊन सांगते, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर तोंडात उरलेत ते चार दात इथल्या इथं तुमच्या चहाच्या बशीत पडतील. पडले तर धुऊन द्या मला परत. आता ऐका, आणि मध्ये बोलू नका.

कोपरीला मीठबंदराच्या वाटेवर कलावती नावाची एक कोळीण राहायची. वय पंचविशीचं, अंगानं काटकुळी, पण जीभ अशी की बाजारात हिनं तोंड उघडलं की शेजारणीच्या टोपलीतले मासे डोळे मिटून घ्यायचे. माशाला पापणी नसते, माहितेय मला. तरी मिटायचे.

नवरा रतन. त्याच्या हाताला काम नव्हतं, कारण खाडी मेलेली. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट ही. वरच्या अंगाला कारखाने झालेले, त्यांचं पाणी खाडीत सुटायचं. जाळं टाकावं तर पिशव्या यायच्या. एकदा दिवसभर जाळं ओढून रतन घरी आला तो एक रबरी चप्पल घेऊन, ती पण डाव्या पायाची. कलावतीनं ती धुतली आणि नवऱ्याला म्हणाली, उजवी मिळेपर्यंत घरी येऊ नका.

मग रतन जुहूच्या एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागला. तिथं हिरवळीवर साहेबलोक उभ्याउभ्या निखाऱ्यावर कोंबडी भाजून खायचे, आणि त्याला बार्बेक्यू म्हणायचे. रतननं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा कलावतीनं पोरीला अंगावर पाजता पाजता सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, तुमची आई बंदरावर बोंबील भाजायची तेच की हे. फक्त उभ्यानं खायचं.

झालं. तिनं गळ्यातली बोरमाळ मोडली. लोखंडी ड्रम उभा चिरून आडवा टाकला, वर सळयांची जाळी, बाहेर चार बाकडी, डोक्यावर ताडपत्री. रतन निखाऱ्यापाशी, कलावती मसाल्याला आणि गल्ल्यावर, पोरगी गल्ल्याखाली झोळीत. पाटीवर नाव घातलं 'सगुणा बार्बेक्यू'. सगुणा म्हणजे रतनची मेलेली आई. तिचं नाव घातलं ते म्हाताऱ्याला खूश ठेवायला.

म्हातारा म्हणजे रतनचा बाप, धाकू. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मागच्या खोलीत खाटेवर बसून असायचा. त्याची जन्माची कमाई म्हणजे एक होडी. बायको गेल्यावर होडीला पण तिचंच नाव दिलेलं, सगुणा. खाडी मेली तशी होडी खाजणात चिखलात रुतून पडलेली. पण म्हाताऱ्याचा एक हट्ट होता. लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की तो सांगायचा, मी मेलो की सगुणेच्या फळ्या सरणाला लावा. विकतच्या लाकडावर मी जळणार नाय. रतनकडून त्यानं नारळावर हात ठेवून तसं वचन घेतलेलं, आणि ते सगळ्या कोळीवाड्यानं ऐकलेलं.

दुकान उघडलं. वखारीतून कोळसा आणला, कोंबडी आणली, भाऊच्या धक्क्यावरून सुरमई आणली. गिऱ्हाईक यायचं, खायचं, तोंड पुसायचं आणि म्हणायचं, छान होतं. कलावती कपाळाला हात लावायची. बाजारात बसून तिला एक कळलेलं, की छान म्हणणारं गिऱ्हाईक परत येत नाही. परत येणारं आधी शिव्या घालतं. इथं कोणी शिव्याच घालत नव्हतं.

एके दुपारी ताडपत्री गळली आणि कोळशाची पोती भिजली. नेमकी त्याच दिवशी एका कारखान्यातली माणसं आपल्या साहेबाला घेऊन जेवायला आली. कोळसा नुसता धुसफुसतोय, साहेब घड्याळ बघतोय. कलावतीनं पोरीला रतनच्या हातात दिलं, कोयता घेतला आणि खाजणात उतरली. होडीच्या काठाची एक फळी उचकटली, वरचं डांबर तासलं, तुकडे केले आणि आणून ड्रममध्ये टाकले.

रतननं फळी ओळखली. म्हणाला, "कले, बापाचं सरण आहे ते."

"सरण मेल्यावर लागतं," कलावती म्हणाली. "तुमचा बाप आत्ता दोन भाकऱ्या आणि अख्खा बांगडा खाऊन बसलाय."

आणि मग धूर निघाला. काय सांगू तुम्हाला. जुनं सागवान ते, वर्षानुवर्षं मुशी माशाचं तेल प्यालेलं, खाडीचं मीठ मुरलेलं. तो धूर कोंबडीत असा शिरला की साहेबानं हाडं पण ठेवली नाहीत. धूर खाडी ओलांडून कळव्याला गेला, आणि तिथली माणसं नुसती भाकरी त्या वासाला लावून जेवली. हायवेला माजिवड्याच्या चौकात एका ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, ट्रक तिथंच सोडला आणि चालत कोपरीला आला. नौपाड्याचे एक रिटायर मास्तर, जन्मात अंड्याला शिवले नव्हते, ते रोज संध्याकाळी वाऱ्याच्या दिशेला येऊन उभे राहायचे. नुसते श्वास घ्यायचे आणि घरी जाऊन अंघोळ करायचे.

दुसऱ्या दिवशी रतननं सुका कोळसा पेटवला तर गिऱ्हाईकांनी शिव्या घातल्या. कालचं कुठाय, म्हणाले. कलावतीला गळ्यात पुन्हा बोरमाळ पडल्यासारखं वाटलं. ती परत खाजणात गेली.

पहिल्या फळीला रतन रडला. दुसऱ्या फळीला त्यानं तोंड फिरवलं. पुढं पुढं तोच करवत घेऊन जायला लागला, आणि कुठली फळी सुरमईला चांगली, कुठली कोंबडीला, हे बायकोला शिकवायला लागला. कोळीवाड्याला कळलं नसेल असं नाही. पण कलावती हुशार. वाड्यातल्या माणसाला ताट अर्ध्या पैशात. त्यामुळं सगळ्यांच्या दातांत सगुणा अडकलेली, बोलणार कोण?

रोज संध्याकाळी ती म्हाताऱ्याला ताट नेऊन द्यायची. तो एकेक घास नाकाशी धरून खायचा.

"कले, यात काय घालतंस गो? सगुणा चूल पेटवायची तवा असा वास यायचा."

"मसाला त्यांचाच आहे, मामा."

"माजी होरी बरी हाय ना?"

"बरी आहे की. सगळ्यांना पोसतेय."

म्हातारा हसायचा. त्याला वाटायचं, रतन होडी घेऊन पुन्हा खाडीत जायला लागला. सुनेच्या डोक्यावर हात ठेवायचा तो. तेलकट हातच, पण ठेवायचा. कलावती ते केस नंतर रिठ्यानं धुवायची.

नारळी पौर्णिमा जवळ आली. त्या दिवशी कोळ्याची होडी धुतात, रंगवतात, हार घालतात, तिची पूजा करतात आणि मग पाण्याला नारळ देतात. म्हातारा दोन वर्षं डोळ्यांमुळं गेला नव्हता. यंदा म्हणाला, मी जाणार. हातानं नारळ देणार. नाही म्हटलं असतं तर त्यानं सगळा वाडा गोळा केला असता.

आणि होडीची तर एकच फळी उरलेली. नाळेवरची, म्हणजे पुढच्या टोकाची, जिच्यावर पांढऱ्या रंगात सगुणेचं नाव आणि खाली एक मासोळी काढलेली. ती फळी कलावतीनं दुकानात कोळशाच्या पोत्यांमागे ठेवलेली. रतनला म्हणालेली, एवढी राहू द्या, सरणाच्या वर मांडायला. लोक वरचंच बघतात.

तिनं युक्ती केली. शेजारच्या दामाजीची होडी साधारण तेवढ्याच लांबीची. दामाजीचं आणि धाकूचं उभ्या जन्माचं वाकडं, पण दामाजी त्या दिवशी लेकीकडं मुंब्र्याला गेलेला. कलावतीनं त्याच्या होडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि म्हाताऱ्याला तिथं नेऊन उभं केलं. डोक्याला लाल टोपी, कमरेला कोरा रुमाल, एक हात रतनच्या खांद्यावर. बेंजो वाजत होता. वाड्यातल्या बाया-माणसांनी बघितलं की धाकू कोणाच्या होडीपुढं उभा आहे. सगळ्यांनी पान चघळल्यासारखी तोंडं हलवली.

म्हाताऱ्यानं होडीवर तळवा ठेवला. नाळेपासून काठावरून सरकवत नेला. मध्येच हात थांबला. पण त्यानं पूजा केली, नारळ पाण्यात सोडला, हात जोडले. मग शांतपणे म्हणाला, "दामाजीला सांगा, त्याच्या होरीला धाकूनं नारळ दिला. आता माजी दाखवा."

बेंजो बंद पडला. रतन खाली बघायला लागला. म्हाताऱ्यानं हात पुढं केला, तो कलावतीच्या मनगटावर पडला. त्यानं तिचा तळवा ओढून नाकाशी नेला आणि हुंगला. सागवान, मुशीचं तेल, धूर. रोज ताटाला यायचा तोच वास. लाळ गिळली त्यानं आधी, मग त्याला कळलं. तेवढं ते कलावतीनं बघितलं.

"किती उरलीय?" त्यानं विचारलं.

जन्मात पहिल्यांदा तिला खोटं सुचलं नाही. "एक फळी, मामा."

दुकानात नेऊन त्याला खुर्चीवर बसवलं. ती फळी त्यानं मांडीवर घेतली. वाचता येत नव्हतं त्याला, पण रंगाच्या उंचवट्यावरून बोट फिरवत बसला.

आणि त्याच संध्याकाळी एक बिल्डरशेठ, नेहमीचं गिऱ्हाईक, पाहुणे घेऊन आला. माजिवड्याला त्याची नवी बिल्डिंग उठत होती. तिथं खाली एक पक्का गाळा तो कलावतीला देणार होता, सिमेंटचा, शटर असलेला, नळ आतमध्ये. पण अट एकच, आज त्याचे पाहुणे खूश व्हायला पाहिजेत. ताडपत्रीखाली पोरीला पावसात भिजवून कलावती थकलेली. गाळा तिला स्वप्नात दिसायचा, शटरचा आवाज ऐकू यायचा.

रतननं विकतचा कोळसा पेटवला. बिल्डरशेठनं एक तुकडा तोंडात टाकला, चावला, आणि ताट खाली ठेवलं. "ये वो नहीं है," म्हणाला. मागोमाग पाहुण्यांनी पण ताटं ठेवली. शेठ गाडीची किल्ली शोधायला लागला.

कलावती म्हाताऱ्यापुढं जाऊन उभी राहिली. "मामा, फळी द्या."

"माज्या मरणाला काय लावशील?"

"मग मरू नका," ती म्हणाली.

त्यानं फळी घट्ट धरली. कलावतीनं त्याची बोटं एकेक करून सोडवली, तिसऱ्यांचे शिंपले उघडतात तशी, अंगठा आत घालून. करंगळीचा कट्ट असा आवाज आला. फळी घेऊन तिनं गुडघ्यावर मोडली आणि ड्रममध्ये टाकली. आधी नाव पेटलं, मग मासोळी. शेठनं डोळे मिटून श्वास घेतला आणि किल्ली परत खिशात टाकली.

म्हातारा तडतड ऐकत बसला. शेवटी एवढंच म्हणाला, "बरं. मरत नाय."

आणि नाही मेला. गाळा मिळाला, टाइल्स लागल्या, ट्यूबलाइट लागल्या, आणि म्हातारा आपली खुर्ची घेऊन गाळ्यात येऊन बसला. डॉक्टरनं छातीला नळी लावली की आत काही ऐकू यायचं नाही, पण म्हातारा वरून विचारायचा, झालं का? पंच्याण्णवचा झाला, शंभरीचा झाला. मोतीबिंदू खवल्यासारखे गळून पडले. नवे दात आले. रोज सगळ्यात मोठी सुरमई मागायचा आणि गिऱ्हाईकाला सांगायचा, खा पोटभर, माजं सरण हाय. कलावतीचे केस पिकले, गुडघे गेले, तरी संध्याकाळ झाली की त्याचा प्रश्न ठरलेला, माजी फळी आली का गो? म्हातारा एकदाचा सुटावा म्हणून तिनं नवस केले, एकविरेला बोकड बोलला. म्हातारा तो बोकड पण खाऊन गेला. त्याला बघायला डोंबिवलीहून माणसं यायची.

आता इथंच थांबणार होते मी. पण मघापासून एक दात हलतोय, म्हणून सांगून टाकते. बाकी सगळं खरं, गाळा खरा, टाइल्स खऱ्या. म्हातारा जगला, तेवढं पदरचं.

त्याच साली गणपतीच्या आधीच गेला तो. श्रावणातला पाऊस, वखारीतली लाकडं ओली, सरण काही केल्या धरेना. विकतच्या लाकडावर जळणार नाय म्हणालेला, तसंच झालं. रतन धावत दुकानात आला. कलावतीनं त्याला विकतच्या कोळशाची दोन पोती दिली, वास न येणारी, आणि निखारे फुलवायचा झापाचा पंखा दिला.

तो वळला तेव्हा मागून म्हणाली, पंखा तेवढा आठवणीनं परत आणा, उद्या गिऱ्हाईक आहे.

आणला त्यानं.