नाव बरोबर हाय ना?

केनवडच्या फाट्यावर बेबीताई खिल्लारेंची चहाची टपरी आहे. टपरीला पाटी नाही. कधी गरजच पडली नाही. गावातल्या माणसाला टपरी ठाऊक, आणि परगावच्या माणसाला चहाशी मतलब. नाव म्हणाल तर एकच होतं, तेही नुसत्या डोळ्यांना न दिसणारं. लाकडी खांबावर चिकटवलेल्या क्यूआर कोडवर मोबाइल धरला की पडद्यावर उमटायचं, ग्यानबा खिल्लारे.

ग्यानबा म्हणजे बेबीताईंचे मालक. दोन वर्षांपूर्वी, बुद्धपौर्णिमेच्या चार दिवस आधी, भर दुपारी सायकलवरून दूध आणताना ते रस्त्याकडेला जे बसले ते उठलेच नाहीत. माणूस गेला की त्याचं नाव किती झटपट पुसतात, हे बेबीताईंनी तेव्हा पाहिलं. रेशन कार्डावरून गेलं, मतदार यादीतून गेलं. गावात तर आधीही त्यांना नावाने कोण हाक मारायचं? कोणाचे ते 'चहावाले', तर कोणाचे 'धम्मदीपाचे बाबा'. धम्मदीपा त्यांची एकुलती लेक, नागपूरला एका दवाखान्यात नर्स आहे. ती आपली फोनवर 'बाबा' म्हणते, आणि ते बरोबरच आहे.

राहता राहिल्या बेबीताई. या बाईने चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी धरलं तेव्हा मान जी खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी बायकाच कंटाळून जेवायला गेल्या. पुढे शाळेत, दवाखान्यात कुठेही मालकाचं नाव विचारलं की त्या कागद पुढे करायच्या, नाहीतर शेजारणीला कोपर मारायच्या. यात नवऱ्याचा धाक होता म्हणावं तर तसंही नाही. ग्यानबा स्वतःच म्हणायचे, "घे वं एकदा. काई मरत नाई मी." बेबीताई पदर तोंडाला लावून हसायच्या. ते हसणं आता त्यांना आठवतं.

तर नाव घेणारे उरले फक्त अनोळखी लोक. गावातला माणूस मोबाइल फिरवतो, "झालं ताई" म्हणतो आणि चालता होतो. परका माणूस तसं करत नाही. पैसे भलत्याच्या खिशात जातील या भीतीने तो थांबतो, पडदा निरखतो आणि मोठ्याने विचारतो, "ग्यानबा खिल्लारे. नाव बरोबर हाय ना?"

"बरोबर हाय," बेबीताई म्हणायच्या.

एखादा बोलका निघायचा. "कुठी गेले मंग ग्यानबाभाऊ?"

"वावरात गेले. येतीन."

हे खोटं होतं, पण त्यात कोणाचं काय जात होतं? तो माणूस चहा पिऊन मेहकरकडे निघून जायचा, आणि त्याच्यापुरते ग्यानबा वावरात असायचे. कपबशा विसळताना बेबीताईंनाही घटकाभर तसंच वाटायचं. पण समृद्धी महामार्ग झाला आणि लांबच्या गाड्या तिकडे वळल्या. आता दिवसाकाठी दोन-तीन परके आले तर आले. ज्या दिवशी एकही यायचा नाही, त्या दिवशी बेबीताईंना फार एकटं वाटायचं. संध्याकाळी शेगडी विझवून झाली तरी त्या बाकावर बसून राहायच्या, एखादी अनोळखी मोटारसायकल थांबते का पाहत.

हरभऱ्याला घाटे धरले होते त्या दिवसांत एका सकाळी कोड चालेनासा झाला. एकाचा मोबाइल नाही म्हणाला, दुसऱ्याचा नाही म्हणाला. बेबीताई तडक रंजीताकडे गेल्या. रंजीता गावातलं बँकेचं सेवा केंद्र चालवते. रिठदहून रोज येते, केंद्र घेऊन तिला जेमतेम तीन महिने झालेले.

"ताई, खातं बंद झालं," कॉम्प्युटरवर मोबाइल नंबर टाकून ती म्हणाली. पडद्यावर नाव नव्हतं, नुसतं 'बंद' एवढंच आलं होतं. "ज्याच्या नावचं खातं, त्यानं येऊन मशीनवर अंगठा ठेवा लागते."

"अंगठा कोठून आनू माय?"

रंजीता समजली. म्हणाली, "तुमच्या नावचं खातं काढून देतो. नवं स्टिकरई देतो. स्कॅन केल्यावर दुकानाचं जे नाव दिसते ना, ते आपल्या मर्जीनं टाकता येते. काय टाकू?"

बेबीताईंचा जीव भांड्यात पडला. म्हणजे खातं गेलं तरी नाव राहणार होतं. "त्यायचंच टाक," त्या म्हणाल्या.

"कोनाचं?"

"आमच्या त्यायचं."

"मशीनले 'त्यायचं' समजत नाई ताई. नाव सांगा."

कागद पुढे करावा तर जवळ फक्त आधार कार्ड, आणि शिबिरात काढताना तिथल्या घाईत त्यावर नुसतं 'बेबी खिल्लारे' पडलेलं. कोपर मारायला शेजारीण नव्हती. मागे आठ-दहा जणांची रांग होती, त्यात बबनराव. गावात कोणाचं काम अडलं की या गृहस्थाला विनोद सुचतो. ग्यानबांबरोबर एका बाकावर बसून वर्षानुवर्षं चहा प्यायलेला माणूस, नाव सांगून मोकळा झाला असता तर काय बिघडलं असतं?

"साधं नसन जमत तं उखाण्यात घ्या ताई," बबनराव म्हणाले. रांग हसली.

नाव अगदी जिभेवर आलं होतं. बेबीताईंनी तोंड उघडलंही. पण इतक्या माणसांसमोर, हसणाऱ्या माणसांसमोर, ते बाहेर पडेना. पुन्हा विसाव्या वर्षीची नवरी झाल्यासारखी त्यांची मान खाली गेली.

"टाक तुले जे टाकाचं ते," त्या पुटपुटल्या आणि अंगठा मशीनवर ठेवला.

आठ दिवसांनी स्टिकर आलं. रंजीता स्वतः ते द्यायला टपरीवर आली, आणि बरोबर आहे का ते दाखवायला तिने मोबाइल धरला. "बेबीताई टी सेंटर. झालं ना मस्त?" पोरीने मनापासून विचारलं होतं. बेबीताईंनी तिला बिनसाखरेचा, तिला आवडतो तसा चहा दिला. चूक तिची नव्हती. चाळीस वर्षं जे नाव दातांआड जपलं, ते एकदाच बाहेर काढायचं होतं, आणि तेवढंही आपल्याच्याने झालं नाही, हे त्यांना सलत होतं.

जुनं स्टिकर खांबावरून निघेना. ग्यानबांनी ते फेविकॉल लावून, वर प्लास्टिक ठोकून बसवलं होतं, थोडं वाकडंच. बेबीताईंनी नखाने एक कोपरा उचकून पाहिला आणि हात मागे घेतला. मग नवं स्टिकर त्याच्यावरच लावलं, पण डिंक फक्त वरच्या दोन कोपऱ्यांना. खालून उचललं की जुनं दिसतं. दिवसातून एकदा त्या उचलून पाहतात.

दोन दिवस कोणी परकं आलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रिठदच्या दिशेने जाणारा एक औषधं विकणारा माणूस थांबला. चहा प्यायला, हेल्मेट डोक्यात घातलं, मोटारसायकल चालू केली, मग पैसे राहिले हे आठवून बसल्याबसल्याच मोबाइल पुढे केला.

"बेबीताई टी सेंटर," त्याने वाचलं. "नाव बरोबर हाय ना?"

बेबीताईंच्या तोंडून 'बरोबर हाय' निघता निघता राहिलं. हात फडक्याला पुसत त्या बाहेर आल्या.

"नाई," त्या म्हणाल्या. "ग्यानबा."

गाडीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. हेल्मेटची काच वर करून तो म्हणाला, "काय म्हनलं?"

इथे त्यांना 'काही नाई' म्हणता आलं असतं. समोर सलूनच्या बाकावर बबनराव पेपर वाचत बसले होते, तेही त्यांना दिसले.

"ग्यानबा खिल्लारे," बेबीताई मोठ्याने म्हणाल्या. "माह्ये मालक. टपरी त्यायची हाय. दोन वर्षं झाले, वारले."

समोरचा पेपर खाली आला. मोटारसायकलवाला गोंधळला. एकदा मोबाइलकडे, एकदा बाईकडे पाहून त्याने विचारलं, "मंग पैसे याच्यावर टाकू ना?"

"टाका," बेबीताई म्हणाल्या.

पैसे टाकून तो निघून गेला. बेबीताई आत आल्या, बाकावर टेकल्या. आता ते वावरात गेलेत, असं कोणाला सांगता येणार नव्हतं.